अनुभव धागा : सिनेमातला हिरो विसरलो, गाडी नाही विसरलो

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून नाईट रायडरचा एक जुना एपिसोड लावला. पंधरा मिनिटांत लक्षात आलं की मला गोष्ट काडीचीही आठवत नाहीये, व्हिलन कोण, ती मुलगी कोण, त्यांचं भांडण कशावरून, काही म्हणजे काही नाही, पण किट या बोलणाऱ्या गाडीच्या नाकावरचा तो लाल दिवा इकडून तिकडे सरकायला लागला आणि नऊ वर्षांचा असताना यायचा तस्साच काटा आला अंगावर. लहानपणी मी बाबांच्या बंद गाडीत बसून मनगटाशी बोलायचो. मनगटावर घड्याळ नव्हतंच, बॉलपेनने काढलेलं असायचं, आणि घाम आला की किटशी संपर्क तुटायचा.

झोप गेलीच होती तर वाचत बसलो. गाडी १९८२ ची पाँटिअ‍ॅक ट्रान्स अ‍ॅम. तो लाल दिवा निर्माता ग्लेन लार्सनने स्वतःच्याच आधीच्या बॅटलस्टार गॅलॅक्टिका या सिरियलमधल्या यंत्रमानवांच्या डोळ्यावरून उचललेला. आवाज विल्यम डॅनियल्सचा, आणि या भल्या माणसाने श्रेयनामावलीत माझं नाव टाकू नका असं स्वतःच सांगितलेलं, म्हणजे आम्हा पोरांना गाडीच बोलते असं वाटायचं ते त्याच्या कृपेने. आणि ड्रायव्हरशिवाय पळणारी गाडी दाखवायची असेल तर स्टंटमन सीटच्या कव्हरात घुसून स्वतःच सीट होऊन बसायचा! हे वाचून रात्री दोन वाजता एकटाच हसलो.

तर तुमची गाडी कुठली? विनंती एकच, पहिल्या दहा गाड्यांच्या याद्या नकोत, त्या ढिगाने मिळतात. पडद्यावरच्या गाडीने तुमचं काय केलं ते लिहा. सिनेमा, सिरियल, कार्टून, सगळं चालेल.

* * *

हर्बी. विषयच संपला.

ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालेय, दोन्ही वेळा रिव्हर्समध्ये. तिसऱ्या वेळी इतकी घाबरले होते की बसल्या बसल्या गाडीशीच बोलायला लागले, हळू आवाजात, "चल गं बाई, जरा मागे, अजून जरा, बास बास". शेजारच्या परीक्षकांनी विचारलं, कोणाशी बोलताय? मी म्हटलं गाडीशी. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. पास झाले. ते काय लिहिलं ते आजतागायत कळलेलं नाही.

ही सवय लागली ती द लव्ह बगमुळे. १९६८ चा सिनेमा, त्यातली हर्बी म्हणजे १९६३ ची पांढरी बीटल, ५३ नंबरची. ती कशी निवडली त्याचा किस्सा मला फार आवडतो. स्टुडिओच्या आवारात वेगवेगळ्या गाड्या ओळीने उभ्या करून ठेवल्या होत्या आणि जेवायला येणारे-जाणारे लोक काय करतात ते बघत होते. बाकीच्या गाड्यांच्या टायरला लोक लाथ मारून बघायचे, स्टेअरिंग हलवून बघायचे. बीटलपाशी आले की तिच्यावरून हात फिरवायचे, कुत्र्याच्या पाठीवरून फिरवतात तसा. झालं, ठरलं. आता मी कुठल्याही पार्किंगमध्ये कोण कुठल्या गाडीला हात लावतंय ते बघत बसते, आणि खरंच, गोल गाड्यांवरून लोक हात फिरवतात, चौकोनी गाड्यांवरून नाही. बघा कधीतरी.

* * *

मी साउंडमध्ये काम करतो म्हणून माझं उत्तर बुलिट, १९६८. हिरवी मस्टँग जीटी आणि तिच्या मागेपुढे काळी डॉज चार्जर.

आमच्या सरांनी पहिल्याच तासाला त्यातला या दोन गाड्यांचा पाठलाग दाखवला, आधी आवाज बंद करून. साधारण अकरा मिनिटांचा आहे तो. आवाजाशिवाय बघितला तर खरं सांगू का, दोन गाड्या उतारावरून धडपडतायत एवढंच दिसतं. मग सरांनी पडदा बंद केला आणि नुसता आवाज लावला. अंधारात आम्ही वीसएक पोरं खुर्च्यांच्या कडा धरून बसलेलो. चार्जरचा ड्रायव्हर पट्टा लावतो, त्याचा खट्ट आवाज येतो, आणि चाकं किंचाळतात तिथे लालो शिफ्रिनचं संगीत थांबतं ते थांबतंच, पुढे नुसती इंजिनं, गिअर, टायर. सर म्हणाले, आता कळलं का, संगीत कुठे वाजवायचं यापेक्षा कुठे बंद करायचं हे ज्याला कळतं तो मोठा. त्या वर्षीचं संकलनाचं ऑस्कर फ्रँक केलरला मिळालं ते बहुतेक या अकरा मिनिटांसाठीच असा माझा समज आहे.

एकदा नाद लागला की मग चुका पण दिसायला लागतात. एकच हिरवी बीटल हे लोक परत परत ओव्हरटेक करतात. आणि चार्जरच्या चाकांच्या ताटल्या मोजा, चार चाकांची गाडी आणि निखळतात चारपेक्षा जास्त! एकच उडी वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी घेतलेली, ती पुढेमागे जोडली की असं होतं. मला या चुका दिसल्या तरी पाठलागाची मजा तसूभर कमी झाली नाही, उलट वाढली.

बाय द वे, ती खरी मस्टँग पुढे कित्येक वर्षं एका कुटुंबाकडे होती, रोजच्या येण्याजाण्याला वापरायचे म्हणे. सिनेमाचा हिरो स्टीव्ह मॅक्वीनने १९७७ मध्ये पत्र पाठवून ती परत मागितली, त्यांनी दिली नाही. २०२० च्या जानेवारीत लिलाव झाला तेव्हा सगळं धरून ३७ लाख डॉलरच्या वर गेली. आणि गाडीवर रंगरंगोटी नाही, पोचे तसेच. बरं केलं.

* * *

वरच्या मंडळींना कोपऱ्यातून हात वर करून सांगतो, माझी लाडकी गाडी पळतच नाही. डीलोरिअन.

एका प्रदर्शनात मला तिच्यात दहा मिनिटं बसायला मिळालं. आधी दार. पंखासारखं वर उघडतं ते सिनेमात बघायला भारी वाटतं, पण आत बसल्यावर ते वरून खाली ओढायला एक पट्टा असतो आणि माझ्यासारख्या बुटक्या माणसाला तो पुरत नाही, अर्धं उठून लोंबकळावं लागतं, आणि मग दार आलं ते डोक्यावरच आलं. खिडकीची अख्खी काच खाली जात नाही, मधला पोस्टाच्या पेटीसारखा तुकडा तेवढा उघडतो. वरचा पत्रा स्टेनलेस स्टीलचा, बिनरंगाचा, त्यावर माझ्या पाचही बोटांचे ठसे उमटले आणि तिथला माणूस माझ्याकडे असं बघत होता की बस्स.

इंजिन व्ही-६, २.८५ लिटर, ताकद १३० हॉर्सपॉवरच्या आसपास. म्हणजे दिसायला यान आणि पळायला गरीब बिचारी. गंमत म्हणजे कारखान्यातून आलेल्या तिच्या स्पीडोमीटरवर ८५ मैलांच्या पुढे आकडाच नव्हता, अमेरिकेतल्या तेव्हाच्या नियमामुळे, आणि बॅक टू द फ्यूचरमध्ये कालप्रवासाला लागतात ८८ मैल! सिनेमावाल्यांना आकडे बदलावे लागले. बेलफास्टजवळच्या त्या कारखान्यात जेमतेम नऊ हजार गाड्या झाल्या, १९८२ मध्ये कंपनी बुडाली, आणि सिनेमा आला १९८५ ला. मेल्यावर प्रसिद्धी मिळालेल्या कवीसारखं झालं तिचं. आणि लेखकांच्या आधीच्या मसुद्यात तर कालयंत्र म्हणून फ्रिज होता, पोरं बघून फ्रिजमध्ये जाऊन बसतील या भीतीने तो काढला. विचार करा, आज आपण फ्रिजवर धागा काढून बसलो असतो.

* * *

सिरियलमधल्या डिटेक्टिव्ह कोलंबोची प्यूजो ४०३. मळकी, टप फाटका, चुरचुर आवाज करणारी. कोलंबो झालेल्या पीटर फॉकने स्टुडिओच्या आवारातल्या गाड्यांतून ती स्वतः शोधून काढली होती. आजोबा म्हणायचे, संशयित माणूस ही गाडी बघतो आणि तिथेच बेसावध होतो, निम्मी केस पार्किंगमध्येच सुटते. याहून जास्त मला काही सांगायचं नाही.

* * *

माझा अनुभव जरा वेगळा आहे, चांगला म्हणावा का माहीत नाही.

ड्यूएल हा सिनेमा (टीव्हीसाठी केलेला, १९७१, स्पीलबर्ग तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा) मी कॉलेजात असताना बघितला. लाल प्लिमथ व्हॅलिअंटमधला एक साधा नोकरदार माणूस एका गंजक्या टँकरला ओव्हरटेक करतो, आणि मग तो टँकर पूर्ण सिनेमाभर त्याच्या जिवावर उठतो. का? कारण नाही. ट्रकवाल्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही, कधी हात दिसतो, कधी बूट. ट्रकच्या नाकावर वेगवेगळ्या राज्यांच्या नंबरप्लेटी ठोकलेल्या असतात, शिकारी भिंतीवर मुंडकी लावतात तशा. कोणी बोट दाखवून सांगत नाही, आपणच बघतो आणि पोटात गोळा येतो.

त्यानंतर कित्येक वर्षांनी मी रात्रीचा एकटा हायवेने येत होतो आणि मागे एका ट्रकचे दिवे लागले. मी वेग कमी केला, त्यानेही केला. वाढवला, त्यानेही वाढवला. साइड दिली तर जाईना. पाठीवरून घाम ओघळत होता हो. हात स्टेअरिंगला चिकटलेले. आणि त्याच क्षणी माझी नजर डावीकडच्या आरशावर गेली, त्यावर ती नेहमीची सूचना, आरशातल्या वस्तू दिसतात त्याहून जवळ असतात. ज्युरासिक पार्कमध्ये टी-रेक्स जीपच्या मागे लागतो तेव्हा आरशावर हीच सूचना दिसते, तो पण स्पीलबर्गच. मला एकट्याला गाडीत मोठ्याने हसू फुटलं, भीतीचं हसू ते, थांबेना. वीस मिनिटांनी एका पेट्रोल पंपावर वळलो तर ट्रकपण वळला, आणि एक पोरगेलासा ड्रायव्हर उतरून म्हणाला, दादा तुमच्या मागचा एक दिवा बंद आहे, मागून कोणी ठोकेल म्हणून मी तुमच्या मागे मागे आलो. त्याला काय सांगणार? थँक यू म्हटलं आणि बल्ब बदलला.

* * *

^ बापरे. हे वाचून मला ख्रिस्तीन आठवली, १९८३, लाल प्लिमथ फ्यूरी. चेपलेली गाडी स्वतःच स्वतःला सरळ करते तो सीन बघून आठवडाभर पार्किंगमध्ये एकटी गेले नव्हते. नंतर कळलं, आतून हायड्रॉलिक पंप लावून पत्रा आत ओढायचे आणि शूटिंग उलटं दाखवायचे. युक्ती कळली तरी भीती गेली नाही.

* * *

लोकांना माझं उत्तर आवडेल की नाही माहीत नाही. जनरल ली. द ड्यूक्स ऑफ हॅझार्डमधली नारिंगी १९६९ ची चार्जर, दारावर ०१.

त्या गाडीची दारं उघडत नाहीत, वेल्डिंग केलेली असतात, म्हणून ते दोघं चुलतभाऊ खिडकीतून आत उडी मारतात. मी दहाव्या वर्षी काकांच्या उभ्या गाडीत तसाच शिरायला गेलो, कमरेपर्यंत गेलो आणि अडकलो. ना आत ना बाहेर. पाय बाहेर हलतायत, तोंड सीटमध्ये. काकांनी पँट धरून ओढलं तर पँटच आली, मी तिथेच. त्या प्रसंगाचा फोटो आहे, मला लग्नात दाखवला गेला.

मोठेपणी दोन गोष्टी कळल्या आणि दोन्हींनी जरा हिरमोड केला. एक म्हणजे त्या उड्या. १९७९ ते १९८५ चाललेल्या त्या सिरियलमध्ये अंदाजे तीनशे चार्जर खर्ची पडल्या. उडीत नाक खाली जाऊ नये म्हणून डिकीत वजन भरायचे आणि गाडी जमिनीवर आली की ती वाकायचीच, पुढच्या सीनमध्ये धुळीतून निघून जाते ती दुसरीच गाडी. म्हणजे आम्ही टाळ्या वाजवायचो तेव्हा दर वेळी एक गाडी मरत होती. दुसरं, तिच्या टपावरचा झेंडा. तो अमेरिकेच्या यादवीत गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या राज्यांचा, हे मला पंचविशीत कळलं. दहा वर्षांच्या पोराला ते नुसतं छान डिझाइन वाटलं होतं. आता गाडी बघितली की आधी आनंद होतो आणि मग टपाकडे लक्ष जातं, आणि दोन्ही खरंच होतं, त्याला इलाज नाही.

* * *

हलकंफुलकं घ्या थोडं. मायामी व्हाइसमधली काळी फेरारी डेटोना आठवते का? ती फेरारी नव्हतीच! शेव्हरले कॉर्व्हेटवर फेरारीचं अंग चढवलेलं. खऱ्या फेरारीवाल्यांना ते खपलं नाही, कोर्टकचेरी झाली, शेवटी त्यांनी खऱ्या दोन टेस्टारोसा दिल्या आणि सिरियलमध्ये खोटी गाडी चक्क उडवून टाकली. टेस्टारोसा आल्या होत्या काळ्या, रात्रीच्या शूटिंगमध्ये दिसेनात म्हणून पांढऱ्या रंगवल्या. मी कॉलेजात मित्राच्या जॅकेटवर मिरवायचो, त्यामुळे त्या खोट्या फेरारीबद्दल मला आपुलकी आहे.

* * *

आमच्या घरी कार्स या कार्टून सिनेमातली मॅक्वीन नावाची गाडी, ९५ नंबरची. लेक साडेतीन वर्षांचा. त्या सिनेमात गाड्यांचे डोळे दिव्यांमध्ये नसून पुढच्या काचेवर आहेत (डिस्नेचीच १९५२ ची एक छोटी फिल्म आहे, निळ्या कूपची, तिच्यावरून घेतलं), आणि लेकाने हे फारच मनावर घेतलं. पावसात वायपर लावला की विचारतो, ती रडतेय का? पार्क करून निघताना मागे वळून बघतो. एकदा काचेवर कबुतराने घाण केली आणि मी म्हटलं घरी गेल्यावर पुसू, तर रस्ताभर हुंदके देऊन रडला, तिच्या डोळ्यात गेलंय, तिला दिसत नाहीये, तू तिला अशीच चालवतेस! गाडी बाजूला घेतली. पाण्याची बाटली काढली. त्याने स्वतःच्या रुमालाने पुसलं, हळू हळू, कडेकडेने, जसं मी त्याचे डोळे पुसते तसं. मला ऑफिसला उशीर झाला, कारण काय सांगू?

* * *

इथे कोणी अजांत्रिक लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं म्हणून हा म्हातारा टंकायला बसलाय, चुका पोटात घाला. ऋत्विक घटकांचा बंगाली सिनेमा, १९५८ चा. त्याच वर्षी चलती का नाम गाडी पण आला होता, त्यात गाडीवरून हसवलं आणि इथे गाडीवरून रडवलं. बिमल नावाचा टॅक्सीवाला आणि त्याची जगद्दल, १९२० ची शेव्हरले, लोक चेष्टा करतात पण हा तिला माणूस समजतो. रेडिएटरमध्ये पाणी ओततो तेव्हा घटघट पिण्याचा आवाज येतो हो! तहानलेलं जनावर पितं तसा. त्या काळात, साध्या साधनांनी. फिल्म सोसायटीच्या खुर्चीत मी ताठ बसलो तो आवाज ऐकून. शेवटी गाडी भंगारात जाते आणि तिचा हॉर्न एका लहान मुलाच्या हाती लागतो, तो वाजवतो, आणि बिमल हसतो.

आमची जुनी गाडी बावीस वर्षांनी भंगारात द्यायची वेळ आली तेव्हा हेच डोक्यात होतं, मी पाना घेऊन बॉनेटमध्ये घुसलो आणि तासभर खटपट करून हॉर्न काढला. हात काळे, गुडघे सोलटलेले. बायको म्हणाली, याचं करणार काय? मी ऐटीत नातवाच्या हातात दिला. त्याने दाबला, हलवला, कानाला लावला, म्हणाला आजोबा हा वाजत नाही. अहो, जगद्दलचा हॉर्न रबरी फुग्याचा होता, आमचा बॅटरीवरचा! बॅटरी तर गाडीबरोबर गेली. आता तो हॉर्न कपाटाच्या खणात मुका पडून आहे आणि बायको दर आवराआवरीला मला तो दाखवते.

* * *

आजोबा, बारा व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर मिळतो. वाजेल तो. नातवाला सांगा. ~ धागाकर्ता

* * *

मी सहसा फक्त वाचते, आज लिहितेय.

ड्राइव्ह माय कार, २०२१, जपानी. लाल साब ९००. मूळ कथेत ती पिवळी आणि उघड्या टपाची होती, दिग्दर्शक हामागुचीने लाल केली, बंद टपाची. तीन तासांचा सिनेमा आहे आणि त्यात बराच वेळ लोक गाडीत नुसते बसलेले असतात, माझ्या भावाला अर्ध्यात झोप लागली. बायको वारलेला एक नाटकवाला, त्याची गाडी चालवायला नेमलेली एक अबोल मुलगी, आणि कॅसेटवर गेलेल्या बायकोचा आवाज नाटकातली वाक्यं म्हणतोय. आधी तो मागच्या सीटवर बसतो. बऱ्याच दिवसांनी पुढे तिच्या शेजारी येऊन बसतो. एवढंच. आणि एकदा रात्री दोघं सिगारेट धरलेले हात टपाच्या खिडकीतून बाहेर काढतात, धूर गाडीत नको म्हणून.

मी आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेते. घरी ती बोलत नाही. समोरासमोर बसलं की विचारलेल्याचं हो-नाही, बास. पण गाडीत बोलते. मला वाटायचं कंटाळा येतो म्हणून बोलत असेल, सिनेमा बघितल्यावर लक्षात आलं की गाडीत आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नसतो, दोघी रस्त्याकडे बघत असतो. तिला माझा चेहरा बघावा लागत नाही. जाताना बोलते, येताना दमलेली असते म्हणून झोपते, त्यामुळे मी आताशा जाताना लांबचा रस्ता घेते. तिला कळलंय बहुतेक, काही म्हणत नाही.

परवा सिग्नल हिरवा झाला तेव्हा ती तिच्या लहानपणीचं काहीतरी सांगत होती, तिच्या एका मैत्रिणीचं, मी आधी कधीच न ऐकलेलं नाव, आणि वाक्याच्या मधोमध थांबून ते नाव नीट आठवत होती. मी गाडी काढली नाही. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते, वाजवू दे म्हटलं.